मृगवन, अभयवन आणि सातबाऱ्यावरची आपली सही



सप्तव्यसनांची यादी पाठशाळेत आपल्याकडून घोकून घेतलेली असते. जुगार, मांस, मद्य, वेश्यागमन, शिकार, चोरी, परस्त्रीगमन. मुलं मोठी होऊन पुण्याला, बंगळूरला निघाली की यातली पहिली तीन आपण त्यांना पुन्हा पुन्हा बजावतो. शिकार हा शब्द मात्र नुसता उच्चारून पुढं जातो. घरात बंदूक नाही, जाळं नाही, सात पिढ्यांत कुणी तितर मारलेलं नाही. मग या व्यसनाचा आपल्याशी संबंध काय?

पण शिकारीला बंदुकीच्या आधी जमीन लागते. मोठी, सलग, वस्तीपासून जरा बाजूला, पाणी आणि झाडोरा असलेली. आणि जमिनीशी आपला संबंध आहे. परिग्रहाचे दहा प्रकार मोजताना पहिलं नाव ‘क्षेत्र’ म्हणजे शेतजमिनीचंच येतं. म्हणून आज शिकारीसाठी आणि मौजेसाठी राखलेल्या जमिनींचा इतिहास सांगते. तो आपल्या मराठवाड्यातूनही जातो, आणि शेवटी आपल्या हातातल्या पेनापाशी येऊन थांबतो.

दोन जुने शब्द

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या विहारासाठी एक खास रान करायला सांगितलं आहे, त्याचं नाव मृगवन. भोवती खंदक, आत जायला एकच दार, गोड फळांची झाडं, काटेरी झाड एकही नाही, उथळ तळं, माणसाळलेली हरणं. वाघासारखी जनावरंही असायची, पण दात आणि नखं काढलेली. राजानं यावं, शिकार करावी आणि अंगावर ओरखडा न उठता परत जावं, अशी सगळी सोय.

त्याच ग्रंथात दुसरा शब्द येतो, अभयवन. तिथल्या हरणांना, पक्ष्यांना, माशांना राजानं अभय दिलेलं असे, आणि त्यांना पकडणाऱ्याला किंवा मारणाऱ्याला मोठा दंड असे.

लांबून बघितलं तर दोन्ही रानं सारखीच दिसली असतील. झाडं तीच, पाणी तेच, हरणंही तीच. एकीकडं हरणाला मारायसाठी वाढवलं आहे आणि दुसरीकडं ते त्याच्या स्वतःसाठी जगतं आहे, एवढाच फरक. आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दानं आपण मानतो. त्यातलं चौथं दान अख्ख्या रानाला देता येतं, हे त्या काळी राज्यकारभाराच्या पुस्तकातसुद्धा लिहिलेलं होतं.

आपल्या पुराणात मृगवनाचं चित्र बघायचं असेल तर नेमिनाथांची वरात आठवा. लग्नाच्या पंगतीसाठी वाड्यात कोंडलेली जनावरं ओरडत होती. नेमिकुमारांनी विचारलं, ही कुणाची? उत्तर ऐकून रथ वळला तो थेट गिरनारकडं. राजुलच्या दुःखावर आपण किती गाणी म्हणतो! पण ती वरात परत फिरली ती त्या कोंडवाड्यामुळं, हेही लेकीसुनांना सांगायला हवं.

आपल्या मुलखातली मृगया

बाराव्या शतकात मराठवाडा कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात होता. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातलं. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजानं ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा मोठा ग्रंथ रचला. खाणंपिणं, दागिने, गाणं-नाचणं, मल्लयुद्ध, राजाच्या सगळ्या करमणुकी त्यात आहेत, आणि त्यांतच मृगयाही आहे. हरणं कशी गाठायची याच्या कितीतरी युक्त्या त्यात दिल्या आहेत. त्यातली एक वाचून मी पुस्तक खाली ठेवलं: माणसाळलेलं हरीण पुढं करायचं, म्हणजे रानातली हरणं त्याला आपलं समजून जवळ येतात. खाण्याच्या पदार्थांचं वर्णन आहे त्याच सहजतेनं हेही लिहिलेलं आहे. राजाला त्यात वावगं काही वाटत नव्हतं. विनोद म्हणजे करमणूक, आणि शिकार हा एक विनोद.

मुघलांच्या काळातही तेच. अकबर बादशहाला पाळीव चित्ते सोडून हरणं मारायचा फार शौक होता. अशा बादशहाकडं १५८३ मध्ये आचार्य हीरविजयसूरी पायी चालत फतेपूर सिक्रीला गेले. त्यांनी स्वतःसाठी काही मागितलं नाही. पिंजऱ्यातले पक्षी सोडवले, तिथल्या तलावातली मासेमारी थांबवली, आणि पर्युषणाच्या दिवसांत पशुहत्या होऊ नये म्हणून फर्मान मिळवलं. दिगंबर असो की श्वेतांबर, ही गोष्ट आपल्या सगळ्यांची आहे. ज्याच्या हातात जमीन आणि हुकूम दोन्ही आहेत त्याच्याकडं मागायचं काय, तर अभय.

पुढं इंग्रज आले. आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत एका गोऱ्या शिकाऱ्यानं ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. एकट्या माणसानं! माळढोकाची मादी एका वेळी साधारण एकच अंडं घालते, तेही उघड्या माळावर. तेव्हा ९६१ या आकड्यात किती वर्षांचं पिढ्यांचं चक्र तुटलं असेल, ते ज्यांनी लेकरं वाढवली आहेत त्यांना वेगळं सांगायला नको.

बीड तेव्हा निजामाच्या राज्यात. त्या राज्यातली सगळी जमीन एका प्रकारची नव्हती. सुमारे तीस टक्के मुलूख जागीरदारांकडं, सुमारे दहा टक्के खुद्द निजामाच्या खाजगी खर्चासाठी, त्याला सर्फ-ए-खास म्हणत, आणि उरलेला सरकारी दिवाणी. राखीव शिकारीच्या रानाला शिकारगाह म्हणत. सहावे निजाम महबूब अली खान वाघाच्या शिकारीसाठी नावाजलेले होते. साहेब किंवा सरदार शिकारीला आले की डबे बडवत जनावर उठवायला, हाका घालायला गावातली माणसं लागत, आणि वेठबिगार तर त्या राज्यात सर्रास होती. म्हणजे शिकारगाहीत फक्त हरणाचाच जीव जात होता असं नाही. गावच्या माणसाचा दिवस आणि त्याचा मानही तिथंच जात होता.

यात आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. राजानं मारलं तर ती मृगया. फासेपारध्यानं पोटासाठी फासा लावला तर तो मात्र जन्मतःच गुन्हेगार, १८७१ च्या कायद्यानं अशा कितीतरी जमातींवर तसा शिक्काच मारला होता. तो कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का अजून पुसला गेलेला नाही. अहिंसेचं बोलताना आपण बोट कुणाकडं दाखवतो ते तपासून बघावं. मौजेसाठी मारणारा वाड्यात राहत होता आणि भुकेसाठी मारणारा पालात.

शिकारगाही संपल्या कशा

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, निजामी राजवट संपली. १९४९ मध्ये जागिरी रद्द झाल्या. महाराष्ट्र झाल्यावर १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा आला. आज पाच माणसांच्या कुटुंबाला कोरडवाहू जमीन ५४ एकर आणि बारमाही बागायत १८ एकर, याच्या वर ठेवता येत नाही. म्हणजे हजारो एकरांचं खाजगी रान हा प्रकारच आपल्याकडं कायद्यानं संपला. तत्त्वार्थसूत्रात क्षेत्र-वास्तूची ठरवलेली मर्यादा ओलांडणं हा परिग्रह-परिमाण व्रताचा अतिचार सांगितला आहे. सरकारनं तीच मर्यादा बाहेरून घातली, एवढंच.

त्यानंतर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. मोर, काळवीट यांना त्यात सगळ्यात वरचं संरक्षण आहे. जमीन तुमच्या नावावर असली तरी तिच्यावरचा मोर तुमचा नाही. त्याला मारलं तर किमान तीन वर्षांचा तुरुंगवास.

आणि मग एक सुंदर गोष्ट घडली. कोल्हापूरच्या छत्रपतींचं दाजीपूरचं शिकारीचं रान १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. आपल्या बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातलं नायगाव हे बालाघाटच्या टेकड्यांमधलं रान १९९४ मध्ये मयूर अभयारण्य झालं, जवळपास तीस चौरस किलोमीटरचं. मृगवनाचं अभयवन होऊ शकतं, हे दाजीपूरनं दाखवलं. जिथं कुणी राजा नव्हता तिथंही ते होऊ शकतं, हे नायगावनं दाखवलं.

सगळंच सोपं झालं असं मात्र नाही. सोलापूर आणि नगरच्या माळावर १९७९ मध्ये माळढोकासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर केलं. त्यात गावंच्या गावं, लोकांची खाजगी शेतं आली. जमीन विकता येईना, विहिरीची परवानगी मिळेना, लोक पक्ष्यावरच चिडले. पुढं ते क्षेत्र कापून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. आज माळढोक आपल्या राज्यात जवळजवळ दिसेनासा झाला आहे. शेतकऱ्याच्या पोटाचा विचार न करता अभय दिलं की ते कागदावरच राहतं.

सातासमुद्रापार

आपल्या कितीतरी घरांतली मुलं आता टेक्सासात आहेत. तिकडं अजूनही मोठमोठ्या रँच विकायला निघतात. एकर किती, ओढा आहे का, राहायला घर आहे का, आणि शिकारीला कोणतं जनावर आहे, हे सगळं जाहिरातीत असतं. त्या जनावरांत आपलं काळवीट असतं! १९३२ मध्ये ते तिकडं नेलं गेलं, आणि आता तिथल्या खाजगी रानांत हजारोंनी आहे. बाहेरून आणलेलं जनावर म्हणून त्याच्या शिकारीला तिथं ठराविक हंगामाचंही बंधन नाही. बाराही महिने, पैसे मोजा आणि मारा.

तिकडचे लोक म्हणतात, शिकारीमुळंच ते टिकलं. त्यात तथ्य आहे. पाकिस्तानातलं काळवीट संपलं तेव्हा टेक्सासमधलीच काही काळविटं तिकडं पाठवली गेली. आपल्याकडं राजांच्या शिकारगाही नसत्या तर दाजीपूरचं जंगलही कदाचित तुटून गेलं असतं. हे कबूल करायला काही हरकत नाही.

पण मग कौटिल्याचं मृगवन आठवा. तिथंही हरणांची संख्या भरपूरच असणार. संख्या टिकली म्हणजे अभय मिळालं असं होत नाही. प्रत्येक जिवाच्या गळ्यात किमतीची चिठ्ठी बांधून त्याला वाढवायचं, तर तो कोंडवाडाच झाला, फक्त कुंपण लांबवर आहे म्हणून दिसत नाही. तुमच्या लेकानं किंवा जावयानं तिकडं कधी अशी जमीन गुंतवणूक म्हणून घ्यायचा विषय काढला, तर एकच विचारा: तिचं भाडं कशाचं येतं? अनर्थदंडाच्या प्रकारांत हिंसादान सांगितलं आहे, म्हणजे हिंसेची साधनं दुसऱ्याच्या हातात देणं. सुरी, विष, शस्त्र ही उदाहरणं आपण पाठ केली. जमीनही त्यात बसते.

कपिलधारच्या वाटेवर

आता घरचं सांगते. बीडहून कुंथलगिरीला जाताना मांजरसुंब्याचा घाट चढला की कपिलधारचा फाटा लागतो. श्रावण-भाद्रपदात धबधबा भरून वाहतो. मन्मथस्वामींची समाधी तिथं आहे. कार्तिकात महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणातून लिंगायत बंधुभगिनी पायी येतात. धर्म त्यांचा, पण त्या दरीतली शांतता सगळ्यांची आहे. पावसाळ्यात समोरच्या डोंगरातून मोराचा आवाज आला नाही असा माझा एकही फेरा झालेला नाही.

त्या डोंगरपट्ट्यात माझ्या माहेरच्या भावकीची पन्नास-साठ एकर सलग कोरडवाहू जमीन. मुरमाड, उताराची, मध्ये एक ओढा. गेल्या वर्षी एक मध्यस्थ आला. कागदावर शेतकरी असलेला गिऱ्हाईक त्यानं तयारच ठेवला होता. शहरातल्या लोकांना शनिवार-रविवार येऊन राहायला जागा करायची होती. भावांसमोर बोलताना तो सहज म्हणाला, “रात्री ससे, तितर ढिगानं असतात इथं. पाहुण्यांची मजा होईल.”

वडिलोपार्जित जमिनीत माझाही हिस्सा आहे, म्हणून कागद माझ्याकडं सहीला आले. मुलींना हा जन्मजात हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला आणि २००५ मध्ये तो देशभर झाला. वारसाहक्काचा तो कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. आपल्या आज्यांना असं कुणी विचारलंच नव्हतं.

मी सही थांबवली. वहिनी स्पष्टच बोलल्या, “वन्सं, तुमचं पोट त्या माळावर नाही. पुतणीची कॉलेजची फी कुठून भरायची?” त्यांचं चुकलं नव्हतं. तीन वर्षांत दोनदा तूर गेली होती, उरलेली रानडुकरांनी लोळवली होती. ससे-तितरांची काळजी मी पंख्याखाली बसून करत होते आणि राखणीला रात्री माझा भाऊ जागत होता.

चार-पाच वेळा बसलो. शेवटी असं ठरलं की रस्त्याकडची जमीन विकायची, पण शेती करणाऱ्यालाच, आणि त्या मध्यस्थाला नाही. भाव थोडा कमी आला. ओढ्याकाठची सहा एकर माझ्या हिश्श्यात घेतली, त्या बदल्यात विक्रीच्या पैशातला माझा वाटा मी पुतणीच्या फीसाठी सोडला. त्या सहा एकरांना तारेचं कुंपण नाही. पडकी विहीर होती, तिला भावानं कठडा बांधला, कारण रात्री जनावर आत पडतं. उन्हाळ्यात सिमेंटच्या उथळ टाक्यात पाणी भरायचं काम वहिनींनी आपणहून घेतलं आहे. “पाण्याला आलेलं जनावर पिकात कमी येतं,” हे त्यांचं कारण. कारण त्यांचं, अभय तेच.

आपण रोज पाणी गाळतो. गाळण्यात राहिलेले जीव, आपली जिवाणी, ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडायची, दुसरीकडं नाही, असं आपल्याला आईनं शिकवलं. कारण ते जीव तिथंच जगतात. डोंगरातल्या सशाचं, मोराचं तरी वेगळं काय आहे? त्यांचंही घर तोच ओढा.

म्हणून मैत्रिणींनो, माहेरचा किंवा सासरचा कागद सहीला आला की घाई करू नका. भाऊबीजेला ओवाळणीच्या ताटाशेजारी हक्कसोडपत्र ठेवलेलं असलं तरी आधी ते घरी आणून वाचा. जमीन कोण घेतो आहे, तिथं काय करणार आहे, पाणी कुठं आहे, हे विचारा. भावाची अडचणही तितक्याच मनानं ऐका, नाहीतर आपली अहिंसा त्याच्या पोटावर पाय देईल. विकावीच लागली तर ओढा, विहीर, जुनी झाडं असलेला तुकडा मागं ठेवता येतो का ते बघा. नाहीच ठेवता आला, तर निदान घेणाऱ्याच्या बायकोशी दोन शब्द बोला. आपण ज्याला जमीन देतो त्याच्या घरातही कुणीतरी पाण्याचं टाकं भरणारी असतेच.

येत्या दशलक्षण पर्वात त्यागाच्या दिवशी अभयदानाचं वाचन करताना या वर्षी जमिनीचा विषय घ्या. तुमच्या भागात जुनी शिकारगाह होती का, तिचं आज काय झालं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि मला कळवा.

जय जिनेंद्र.